एका पंपात तीन औषधं

“किडा ओळखल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नोका.”

चिचघाटच्या पुंडलिकराव येंड्यांचं हे वाक्य राळेगाव तालुक्यातल्या किती वावरांनी ऐकलं असेल, त्याची गणती नाही. कृषी केंद्राच्या पायरीवरून कुणी औषधाची बाटली घेऊन उतरताना दिसला की पुंडलिकराव त्याला थांबवायचे आणि पान आणलं का म्हणून विचारायचे. पान नसलं तर बाटली परत ठेवायला लावायचे. दुकानदार कपाळाला हात लावायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही; कारण त्याच्या स्वतःच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर काही दिसलं की तोही पान रुमालात बांधून येंड्यांच्याच दारी यायचा. पुंडलिकराव ते पान उजेडात धरायचे, उलटं करायचे, जुनं काळ्या दांड्याचं भिंग लावायचे. घाई त्यांच्या अंगातच नव्हती. पानामागचे तुडतुडे मोजून होईपर्यंत आलेल्या माणसाचा चहा पिऊन व्हायचा.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. त्यांचा मुलगा अंकुर सातवीत होता, त्या सालची गोष्ट. मजुराचा एक दिवस वाचावा म्हणून पुंडलिकरावांनी तीन बाटल्यांचं औषध एकाच पंपात कालवलं आणि अडीच एकर पऱ्हाटी फवारली. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. एकानं मेला नाही तर दुसऱ्यानं मरेल, दुसऱ्यानं नाही तर तिसऱ्यानं, असा हिशेब. संध्याकाळी त्यांना बायकोचा, विमलताईंचा, चेहरा धुक्यातून पाहावा तसा दिसू लागला. पुढचे चार दिवस यवतमाळच्या दवाखान्यात गेले. परत आले तेव्हा डोळे निवळले होते आणि पऱ्हाटीवरचा किडा होता तसाच होता. त्या दिवशी त्यांनी पंप खुंटीला टांगला आणि शाळेच्या दुकानातून एक जाड वही आणली.

तेव्हापासून एकोणीस वर्षं, एकोणीस वह्या. रोज सकाळी वावरातून आल्यावर हातपाय धुऊन ते लिहीत. पाऊस किती, वारा कुठला, ढग होते की नव्हते, कोणत्या पानामागे काय सापडलं. कपाशीची पाकळी मिटून गुलाबाच्या कळीसारखी गुंडाळली गेली की आत बोंडअळी असते. अशी पहिली डोमकळी कोणत्या सालात कोणत्या तारखेला दिसली, हे चिचघाटात एकाच माणसाला सांगता येत होतं, आणि तेही वही पाहून. अडचणीत सापडले तर पुंडलिकराव तोंडानं एखादी थाप मारून जात. पण वहीत खोटं लिहीत नसत.

मागच्या हिवाळ्यात वह्यांच्या लोखंडी पेटीखालून वाळवी चढली. पहिल्या तीन वह्यांच्या कडा तिनं खाल्ल्या, पानं एकमेकांना मातीनं चिकटली. पुंडलिकराव पेटीपुढे बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी जेवताना मीठ मागितलं नाही, आणि भाजीत मीठ नव्हतं, असं विमलताई पुढं कितीतरी दिवस सांगत.

अंकुर पांढरकवड्याला जिनिंगमध्ये नोकरीला. तो शनिवारी घरी यायचा. पाडव्याला येताना तो नवा लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं तो बायकोच्या हाती दिला. बायको अर्पिता, उमरखेडची लेक, बी.एस्सी. झालेली. ती या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी तिचं बोलणं ‘मामाजी, चहा ठेवला’ याच्या पुढं फारसं गेलं नव्हतं. उन्हाळाभर मात्र दोघं ओसरीत बसले. मामाजी वहीतून वाचत आणि अर्पिता लॅपटॉपवर रकाने भरत जाई. ‘चौदा ऑगस्ट. ढग. तीन पानांत सहा तुडतुडे.’ मध्येच ते थांबत, आणि त्या चौदा ऑगस्टची सगळी गोष्ट सांगत. एका ठिकाणी नुसतं लिहिलेलं होतं, ‘विमलला ताप. वावरात गेलो नाही.’ अर्पितानं तेही टाईप केलं. कोणत्या रकान्यात टाकावं ते तिला कळेना, म्हणून तिनं त्यासाठी एक वेगळा रकाना केला.

मिरग लागायच्या आत सगळ्या वह्या लॅपटॉपमध्ये गेल्या. वाळवी बाकीच्या वह्यांत जाऊ नये म्हणून विमलताईंनी त्या तीन खाल्लेल्या वह्या चुलीत घातल्या. पुंडलिकरावांनीच घाल म्हटलं होतं. म्हणजे त्या तीन वर्षांचा पाऊस, वारा आणि किडा आता एकाच ठिकाणी होता.

लॅपटॉपला हात लावण्याआधी पुंडलिकराव हात धुवायचे. काम झालं की त्यावर स्वच्छ दुपट्टा टाकायचे. आषाढ लागता लागता पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी येऊ लागली. लॅपटॉपसोबत कंपनीनं तीन महिन्यांपुरता अँटीव्हायरस दिला होता, त्याची मुदत संपत आली होती. अर्पिता ती चिठ्ठी बंद करायची. मामाजींच्या मनातून मात्र ती जात नव्हती. ‘धोका’ हा शब्द त्यांनी बरोबर वाचला होता.

श्रावणात अर्पिता चुलतबहिणीच्या डोहाळजेवणासाठी तीन दिवस उमरखेडला गेली. त्या तीन दिवसांत काय झालं ते तिला मागाहून कळलं, पण आपण आधीच सांगून टाकू. पहिल्या दिवशी पुंडलिकराव हवामान पाहायला इंटरनेटवर गेले आणि पडदा लाल झाला. तुमच्या लॅपटॉपमध्ये सात व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब हे बटण दाबा. त्यांनी तीनदा वाचलं. मग बटण दाबलं, आणि जे आलं ते आत घेतलं. तरी जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं राळेगावला गेले आणि एका मोबाईलच्या दुकानातून अँटीव्हायरसची पेटी विकत घेऊन आले. दुकानदारानं आकडे कसे भरायचे ते कागदावर लिहून दिलं होतं. तेही त्यांनी आत घातलं. कंपनीवाला आधीचा होताच. ज्या माणसानं एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या हातातल्या बाटल्या परत ठेवायला लावल्या, त्याचा हात भीतीच्या वेळी जुन्याच रीतीवर गेला. एकानं नाही मेला तर दुसऱ्यानं मरेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र. दुपारीही तेच.

अर्पिता परत आली तेव्हा मामाजी ओसरीत नव्हते. विमलताई म्हणाल्या, “काल सकाळपासून त्या डब्यापाशी बसून होते. आता वावरात गेले. पोळ्याआधीची निंदाई-खुरपणी पाहायले जातो म्हणते. मले कायले सांगते? आपल्या वावरात निंदाई कवाच झाली.”

अर्पितानं लॅपटॉप चालू केला. चक्र फिरत राहिलं. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. पुढच्या मंगळवारी पांढरकवड्याला शेतकऱ्यांचा मेळावा होता. एकोणीस वर्षांत बोंडअळी कधी आली हे पुंडलिकरावांनी पडद्यावर दाखवून सांगावं, असं कृषी खात्याचं बोलावणं होतं. पण मेळाव्याचं तिला इतकं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं चुलीत गेलेल्या तीन वह्या आल्या.

सासरे संध्याकाळी आले. काय झालं, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, बंद पडला. एवढंच. ते खोटं नव्हतं.

सकाळच्या एसटीनं दोघं राळेगावला निघाले. लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून पुंडलिकरावांनी मांडीवर घेतला होता आणि खड्डा आला की ते दोन्ही हातांनी तो उचलून धरत. काखेत या वर्षीची वही होती. ज्या दुकानातून पेटी घेतली तिथंच पुंडलिकराव अर्पिताला आधी घेऊन गेले, पेटीचं काही न सांगता. गल्ल्यावर आज दुसराच पोरगा होता. त्यानं चक्र पाहिलं, दोन कळा दाबल्या आणि फॉरमॅट मारावं लागेल म्हणाला.

“म्हणजे?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“म्हणजे सगळं साफ. नवाकोरा होते.”

“अन् आतलं?”

“आतलं जाईन ना, काका.”

पुंडलिकरावांनी लॅपटॉप त्याच्या हाताखालून अलगद ओढून घेतला, जसं कुणी आजारी लेकरू परत घेतं, आणि पायरी उतरले. बाहेर येऊन ते पानठेल्याच्या सावलीत उभे राहिले. अर्पितानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कुणाकडे पाहू नये, अशीही एक वेळ असते.

तिथंच तिला संगीता आडे आठवली. कॉलेजात ती अर्पिताच्या बाकावर बसायची. तांड्यावरची, खेमसिंग आडे यांची मुलगी. बोलायला तिखट, कामाला त्याहून. एसटी स्टँडमागे तिनं संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलंय, असं कानावर होतं. दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल आणि भिंतीला टेकवलेला बाक. संगीतानं अर्पिताला पाहून भुवया उंचावल्या, जुनी मैत्रीण फक्त यंत्र बिघडल्यावरच आठवते वाटतं म्हणाली, आणि बोलता बोलताच लॅपटॉप उघडला. चक्राकडे तिनं थोडा वेळ शांतपणे पाहिलं. फॉरमॅटचं नाव काढलं नाही.

“याच्यात नवीन काय टाकलं?” तिनं विचारलं.

अर्पिता म्हणाली, काहीच नाही. मी तर गावाला गेले होते.

बाकावर बसलेल्या पुंडलिकरावांनी काखेतली वही काढली, पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. बोट ओळीखाली धरलं. त्यांचं नेहमीचं टपोरं अक्षर होतं. ‘ढग. पाऊस नाही. लॅपटॉपवर फवारणी केली. औषधं तीन.’

अर्पितानं ती ओळ वाचली आणि तिला एकदम सगळं कळलं. पिवळी चिठ्ठीही आणि नसलेली निंदाईही. संगीता हसली नाही. तिनं पुंडलिकरावांकडे नीट पाहिलं.

“तुम्ही चिचघाटचे येंडे काका ना? माह्या बापूच्या हातची बाटली तुम्ही परत ठेवायले लावली होती. घरी येऊन दोन दिवस शिव्या देत होता तुमाले. मंग पान घेऊन गेला.” तिनं वही त्यांच्याकडे सरकवली. “आता मले सांगा, किडा कोणता होता?”

पुंडलिकरावांनी खाली पाहिलं. “पाह्यलाच नाही, पोरी.”

मग संगीता कामाला लागली. लॅपटॉप बंद केला आणि गरजेपुरता अर्धवट जागा केला. याला सेफ मोड म्हणतात, अशा वेळी ती औषधं झोपलेली असतात, असं तिनं सांगितलं. एकेक काढायला घेतलं. लाल पडद्यावरून आलेलं सगळ्यात आधी. ते औषध नव्हतंच. घाबरवून आत शिरलेला तो एकटाच खरा किडा होता. सात व्हायरसची यादी ही नुसती जाहिरात होती. मग मुदत संपलेलं. मग पेटीतलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढं सरकत होती आणि पुंडलिकराव तिच्याकडे पर्जन्यमापकाच्या काचेकडे पाहावं तसं पाहत होते. चहा आला. त्यांचा चहा निवला.

अर्पिता मनात वर्षं मोजत होती. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. तिला त्या तीन वर्षांतल्या काही ओळी पाठ होत्या. मामाजींना किती आठवत असतील? आठवण्यासाठी माणूस लिहीत नाही. विसरायची मुभा मिळावी म्हणून लिहितो, असं तिला तेव्हा वाटलं.

संगीतानं लॅपटॉप पुन्हा चालू केला. चक्र आलं, दोन वेळा फिरलं आणि गेलं. पडद्यावर कपाशीच्या फुलाचा फोटो आला, अंकुरनं लावलेला. त्याच्या डाव्या कोपऱ्यात फाईल होती. अर्पितानं ती उघडली आणि अगदी वर गेली. पहिल्या वर्षाची पहिली ओळ. ‘दवाखान्यातून आलो. डोळ्यांना दिसते. पऱ्हाटीवर किडा आहे.’

पुंडलिकराव उठून टेबलापाशी आले, ओळ वाचली आणि परत जाऊन बसले. निवलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, बराच वेळ पुसला. अर्पिताला खुदकन हसू आलं आणि तिनं ते दाबलं नाही. तीन दिवसांनी त्या माणसाचे खांदे जागेवर आले होते.

आता त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं. औषध काढलं, मग रोग आला तर? संगीतानं एक पान उघडून दाखवलं. लॅपटॉप चालवणाऱ्या मूळ यंत्रणेतच एक राखणदार असतो, पहिल्या दिवसापासून. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो आपणहून बाजूला होतो. आणि दोघंतिघं एकाच वेळी राखणीला बसले तर प्रत्येक जण प्रत्येक वस्तू तपासतो, एकमेकांनाच चोर समजून धरतो, आणि मालकाला दारातून आत जाता येत नाही.

पुंडलिकरावांनी मान हलवली. “म्हणजे मित्रकिडा हाय तो. ढालकिड्यासारखा. पानावरचा मावा खाऊन राह्यला असते बिचारा, आपण औषध मारलं की आधी तोच मरते.”

“मेला नाही, काका. झोपला होता. उठवला.”

मग पेटी घेऊच नये का, असं त्यांनी विचारलं. संगीतानं आपली पेटी विकायचा प्रयत्न केला नाही, हे अर्पिताच्या ध्यानात राहिलं. ती म्हणाली, तुमच्या कामाला हा घरचा पुरे. फक्त त्याला रोजचं ताजं खाद्य, म्हणजे अपडेट, मिळू द्या. ते मागितलं की ‘नंतर’ म्हणू नका. उद्या अंकुर दादा यावर बँकेची कामं करू लागला, दहा जणांचे पेनड्राईव्ह लागू लागले, तर विकतचा घ्या, पण एकच. घेताना डब्यावरचं चित्र पाहू नका. नव्या रोगांची ओळख तो किती लवकर करतो, लॅपटॉप जड करतो का, मुदत कधी संपते, ते पाहा. आणि लाल पडदा आला तर बटण न दाबता पानच बंद करा.

पुंडलिकराव वहीत लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी लॅपटॉपच्या खोक्यावरचे दोन आकडे विचारले, एक आठचा आणि एक पाचशे बाराचा. पाडव्यापासून ते त्यांच्या मनात अडकून बसले होते. संगीता म्हणाली, पाचशे बारा हे कोठार. माल तिथं राहतो, लाईट गेली तरी राहतो. आठ म्हणजे खळं. कोठारातला माल खळ्यावर काढायचा, काम करायचं, परत ठेवायचा. तुम्ही खळ्यावर तीन तीन बैलजोड्या जुंपल्या, मग मळणी कुठं होणार?

पुंडलिकराव हसले. पाडव्यानंतर अर्पितानं त्यांना असं आवाज करून हसताना ऐकलं नव्हतं.

पैसे घ्यायला संगीता तयार होईना. तिला त्याऐवजी फाईलची एक प्रत हवी होती. बापू म्हणतो या वर्षी डोमकळी लवकर आली, तुमच्या जुन्या तारखांशी ताडून पाहू. पुंडलिकरावांनी अर्पिताकडे पाहिलं, अर्पितानं मान हलवली. संगीतानं एक प्रत आपल्याकडे घेतली, दुसरी पेनड्राईव्हमध्ये भरून अर्पिताच्या हातात ठेवली, आणि एकाच कोठारात सगळं ठेवणाऱ्या माणसाला माझा बापू शेतकरी म्हणत नाही, असा टोमणाही दिला.

घरी आल्यावर तो पेनड्राईव्ह विमलताईंनी मागून घेतला. दर वर्षी पेरणीला सगळं बियाणं काढायचं नाही, दुबार पेरणीची वेळ आली तर म्हणून शेर दोन शेर तूर राखेत घोळून डब्यात ठेवायची, हा त्यांचा नेम. त्यांनी पेनड्राईव्ह प्लास्टिकच्या पुडीत बांधला आणि त्या तुरीच्या डब्यात खोल खुपसला.

“त्या तीन वह्या म्या जाळल्या,” त्या सुनेला म्हणाल्या. तीन दिवस हे त्यांच्या पोटात होतं, ते अर्पिताला तेव्हा कळलं. “आता कायी होत नाही.”

त्या दिवशीच्या वहीत पुंडलिकरावांनी लिहिलं, ‘पाऊस एक सर. लॅपटॉप बरा. किडा एकच. मीच आत घेतला.’

मेळाव्याच्या दिवशी, मंगळवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. पुंडलिकरावांनी धोतर नेसलं, धुतलेली टोपी घातली. लॅपटॉपची पिशवी अंकुरनं दिलेली, दोन पट्ट्यांची. त्यांनी एक हात घातला, मग दुसरा, आणि कंबर किंचित वाकवून ओझं पाठीवर नीट बसवलं. एकोणीस वर्षांत विमलताईंनी ती हालचाल पाहिली नव्हती. त्यांच्या तोंडून निघून गेलं, “पंप घेऊन निघाले पाहा.”

“किडा ओळखला हाय,” ते म्हणाले आणि पायरी उतरले.

एसटीचा थांबा गावाबाहेर, दोन वावरं ओलांडून. रस्त्याच्या कडेला पऱ्हाटी गुडघ्याच्या वर आली होती. मध्यावर ते थांबले, वाकले, कुणाच्या तरी वावरातलं एक पान उलटं करून पाहिलं, आणि बस चुकेल याची काळजी न करता दुसरंही पाहिलं. मग चालू लागले. काळी पिशवी पाठीवर डुलत डुलत लहान होत गेली. फाटकाशी अर्पिता उभी होती. तिच्या मागे विमलताई, तुरीच्या डब्याचं झाकण हातात घेऊन. कशाला घेऊन आल्या होत्या ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वळणावरच्या बाभळीआड टोपी गेली, तरी दोघी काही वेळ तिथंच उभ्या होत्या.